आधी नाटक ठरव, मग मुंबई

पोरी, सासूबाईंना आणि दोन्ही मुलांना घेऊन मुंबई बघायला येते आहेस, तर एक गोष्ट आधीच कानात घालते. पहिल्यांदा नाटक ठरव. लोक उलटं करतात. गेटवे, राणीची बाग, चौपाटी, खरेदी अशी हातभर यादी करतात आणि रात्री नाटकाला येऊन पेंगतात. नाटक हा दिवसाचा खुंटा. बाकीचं सगळं त्याच्या दाव्यात बसेल तेवढंच घ्यायचं.

वार शनिवार धर. रविवारी नाटकं जास्त असतात हे खरं, पण लोकलचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो आणि कापडाचं मंगलदास मार्केट बंद. शनिवारी दुपारी चारच्या सुमाराचा दादरच्या शिवाजी मंदिरातला प्रयोग मिळाला तर उत्तम.

महालक्ष्मी एक्सप्रेस तुम्हाला सकाळी सीएसएमटीलाच सोडेल. बॅगा क्लोकरूममध्ये टाका, चहा घ्या आणि रस्ता ओलांडून समोरून स्टेशन बघा. रोज लाखो माणसं त्यातून धावतात, पण मान वर करून बघणारी थोडी. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे आणि दुसरीकडे वाघ, ते मुलांना शोधू दे. तिथून फोर्टातलं वस्तुसंग्रहालय. सव्वादहाला उघडतं. सगळी दालनं बघायचा हट्ट नको, दोनच निवांत बघा. गेटवे तिथून चालत जाण्याएवढाच. घारापुरीच्या लाँचचा मोह मात्र टाळ. एकेका फेरीला तासभर जातो, शिवाय सासूबाईंच्या गुडघ्यांना तिथल्या पायऱ्या झेपायच्या नाहीत.

कापड मंगलदासला घे. ब्लाउजपीस जुळवायचा असेल तर साडीचं टोक किंवा कापडाचा तुकडा जवळ ठेव, फोनमधल्या फोटोवर विसंबू नकोस. मीटरचा भाव विचारण्याआधी पन्हा विचार. छत्तीस इंची आणि चव्वेचाळीस इंची कापडाचा भाव सारखा नसतो आणि शिवायला लागणारं मापही. आणखी एक, मार्केटवर छप्पर आहे, आत ट्यूबलाइटचा उजेड. त्या उजेडात मोरपिशी रंग निळा दिसतो. तागा घेऊन दाराशी उजेडात जा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी शिल्पं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. १८६९ सालची ही इमारत, आणि त्या शिल्पांची आखणी रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची.

दादरला जाताना परत सीएसएमटीला ये, क्लोकरूममधल्या बॅगा घे आणि तिथेच लोकलमध्ये बस. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सगळ्यांना बसायला मिळतं. पश्चिमेला उतरा.

दादरची खरेदी नाटकाआधी करायची नाही, हे लक्षात ठेव. अंधारात मांडीवरची प्लास्टिकची पिशवी कुरकुरली की चार रांगांना ऐकू जाते आणि रंगमंचावरच्या नटालाही. एखाद्या शांत जागी नट थांबलेला असतो, त्याला त्या क्षणी प्रेक्षकांचा श्वासही कळतो. तिथे आपली पिशवी वाजू नये. मंगलदासच्या कापडाला घरूनच कापडी पिशवी आण. फोन नुसता सायलेंट नको, बंदच कर. पहिल्या घंटेला आत जा, तिसरीला नव्हे. मुलांना आधीच सांग की मध्यंतरात बटाटेवडा मिळेल, म्हणजे पहिला अंक निभेल. पडदा पडताच रांगेत उभी राहा, नाहीतर वडे संपतात.

प्रयोग आवडला तर रंगपटात जाऊन कलाकारांना भेटा. आपल्याकडे ती रीत आहे, संकोच नको. मुलांनी नुकताच मंचावर बघितलेला माणूस मेकअप उतरवताना बघावा. सेल्फीसाठी मात्र रेटारेटी नको, आधी दोन शब्द बोलावेत.

मग रानडे रोड. दुकानं उघडीच असतात. छबिलदास गल्लीत पुस्तकांचं दुकान आहे, निदान मुलांना तरी तिथे ने. काही राहिलं तर राहू दे. मुलुंडला माझ्याकडे येताना कल्याण फास्टमध्ये घुसू नका. मुलं आणि म्हातारं माणूस घेऊन ती गाडी नकोच. स्लो लोकल बघ, उशीर झाला तरी चालेल.

पेपरातल्या जाहिराती बघून नाटक सासूबाईंना निवडू दे आणि गुरुवारपर्यंत मला फोन कर. तिकिटं मी खिडकीवर जाऊन काढते, त्यांच्यासाठी कडेची खुर्ची मागून घेईन.