चित्र, शब्द आणि रुग्णालयातील मूल : कलामानसोपचाराविषयी काही विचार

‘आर्ट सायकोथेरपी’ या संज्ञेसाठी मराठीत अद्याप एकच एक शब्द स्थिर झालेला नाही. कलोपचार, चित्रोपचार, कलामानसोपचार असे पर्याय आढळतात. त्यांपैकी शेवटचा अधिक नेमका असल्याने प्रस्तुत लेखात तो स्वीकारला आहे. तथापि ‘उपचार’ या शब्दाच्या मराठीतील अर्थच्छटांकडे येथे दुर्लक्ष करून चालणार नाही. षोडशोपचार पूजेतला उपचार वेगळा, वैद्याचा उपचार वेगळा आणि ‘केवळ उपचार म्हणून’ पार पाडलेली गोष्ट तर अगदीच वेगळी. मुलांच्या मानसोपचार कक्षात कागद आणि रंगपेटी ठेवली की कलामानसोपचार सुरू झाला, ही समजूत या तिसऱ्या अर्थाची होय. मुले दुपारभर गुंतून राहतात, परिचारिकांना थोडी उसंत मिळते, भिंतीवर चार चित्रे लागतात. यात वाईट काही नाही. पण रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाने काढलेल्या चित्राकडे कोणत्या नात्याने पाहावयाचे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. किंबहुना तो तेथूनच सुरू होतो.

मुलाच्या चित्राकडे मोजमापाचे साधन म्हणून पाहण्याची परंपरा जुनी आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२६ साली ‘माणूस काढ’ एवढ्या एका सूचनेवर आधारलेली बुद्धिमापनाची कसोटी प्रसिद्ध केली. डोळे आहेत काय, हात खांद्यापासून निघाले आहेत काय, बोटे किती, अशा ५१ बाबींवर गुण द्यावयाचे. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी या कसोटीची भारतीय मुलांसाठी प्रमाणके तयार केली, ही मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे; परक्या मुलांचे माप आपल्या मुलांना लावू नये ही जाणीव त्या कामामागे आहे. परंतु कसोटी भारतीय झाली तरी ती कसोटीच राहते. तिला मुलाचे वय व वाढ कळते. त्याला काय झाले आहे ते कळत नाही.

दुसरी परंपरा रुग्णालयातच जन्मली. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगावर उपचार घेत असताना स्वतः चित्रे काढीत बरा होत गेला आणि पुढे सहरुग्णांना त्याने चित्रे काढावयास लावले. ‘आर्ट थेरपी’ हे नाव १९४२ साली त्याने दिले. मुलांपुरते बोलावयाचे तर मार्गारेट नाउमबर्ग यांचे काम मूलभूत ठरते. न्यूयॉर्क राज्याच्या मानसोपचार संस्थेत दाखल असलेल्या मुलांबरोबर त्यांनी १९४१ पासून काही वर्षे काम केले आणि १९४७ साली त्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने मांडला. मनाच्या तळाशी असलेले चित्रातून वर येते आणि मग मूल त्याविषयी बोलू लागते, अशी त्यांची धारणा. म्हणजे चित्र हा शब्दाकडे नेणारा पूल. ईडिथ क्रेमर यांनी नेमका याच ठिकाणी मतभेद मांडला. चित्र घडवण्याची क्रियाच मुलाला सावरते, तिचा अर्थ शब्दांत सांगितला गेला नाही तरी चालतो, असे त्यांचे म्हणणे. आज या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण या दोन मतांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. रुग्णालयातील कामाला मात्र क्रेमर अधिक उपयोगी पडतात असे दिसते. कारण तेथे येणारे मूल पुष्कळदा बोलण्याच्या पलीकडे गेलेले असते.

क्रेमर यांनी रंग-मातीच्या वापराचे पाच प्रकार सांगितले आहेत. मूल नुसते रंग फासते, चाचपून पाहते, ही पूर्वतयारी. ते रंग उधळते, माती आपटते, कागद फाडते, हा निव्वळ निचरा. ते तीच ती सुबक नक्षी पुन्हा पुन्हा गिरवते, हा बचाव. ते शब्दाऐवजी खूण काढते, ही चित्रलिपी; ती ज्याला ठाऊक त्यालाच कळते. आणि क्वचित ज्यात भावनेला रूप मिळाले आहे असे चित्र हाती येते, ती घडलेली अभिव्यक्ती. हे वर्ग म्हणजे गुणानुक्रम नव्हे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत वाढलेल्या मराठी मनाला हे पटवून घेणे थोडे जड जाते. स्मरणचित्रातही आपल्याला प्रमाणबद्धता हवी असते. बचावाचे चित्र काढणाऱ्या मुलाला त्या बचावाची गरज असते आणि तो काढून घेण्याचा अधिकार उपचारकाला नसतो.

चंडीगढचे उदाहरण घेऊन हे अधिक स्पष्ट करता येईल. ल कॉर्ब्युझिए याने या नगराची कल्पना मानवी देहासारखी केली : उत्तरेचा शासकीय परिसर म्हणजे मस्तक, मधला बाजार म्हणजे हृदय. कारखान्यांसाठी पूर्वेकडे वृक्षराजीच्या पट्ट्यापलीकडे जागा राखली. त्या भागाला सर्व भाषांत ‘इंडस्ट्रियल एरिया’ असेच म्हणतात. तेथील श्रमिकांना आराखड्यात पुरेशी घरे नव्हती, म्हणून वस्त्या आपोआप उभ्या राहिल्या. त्यांपैकी कॉलनी नंबर चार १ मे २०२२ रोजी पाडण्यात आली. समजा, अशा वस्तीतील नऊ वर्षांची एक मुलगी बोलणे व खाणे सोडल्यामुळे शहरातील एखाद्या रुग्णालयाच्या बालमानसोपचार कक्षात दाखल झाली. तिला ‘घर काढ’ म्हटले तर ती काय काढील? बहुधा उतरते लाल छप्पर, मधोमध दार, दोन खिडक्या, मागे दोन डोंगर आणि त्यांतून वर येणारा सूर्य. सोलापूरचे ज्याने समुद्र पाहिलेला नाही असे मूलही घराशेजारी नारळ काढतेच. हे घर शाळेने दिलेले आहे.

आता घर-झाड-माणूस या १९४८च्या प्रसिद्ध चाचणीचा अर्थकोश हाती घेऊन कोणी सांगेल की दाराकडे जाणारी वाट नाही, सबब मुलगी एकाकी आहे. धुराडे नाही, सबब घरात ऊब नाही. तिच्या खऱ्या घराला दारच नव्हते, पडदा होता. आणि धुराडे तर पुस्तकातल्याच घराला असते. असा निष्कर्ष एकदा केसपेपरवर लिहिला गेला की तो मुलीबरोबर वर्षानुवर्षे चालत राहतो. पुढचा डॉक्टर मुलीच्या आधी तो वाचतो. कलामानसोपचारकाकडून होऊ शकणाऱ्या चुकांत ही सर्वांत महाग आहे आणि ती मुलगी फेडते.

मग उपचारकाने करावयाचे काय? प्रथम, काही गोष्टी अचल ठेवायच्या : तीच वेळ, तेच टेबल, मुलीच्या नावाची तीच फाइल. ज्या कक्षात औषध, जेवण, झोप आणि भेटी सर्व दुसऱ्यांनी ठरवलेले असते, तेथे कोणता रंग घ्यावयाचा हे ठरवणे एवढाच अधिकार मुलीकडे उरलेला असतो. तो कोणी हिरावून घेऊ नये. क्रेमर ज्याला ‘तिसरा हात’ म्हणतात तो येथे उपयोगी पडतो. ओघळणारा रंग थांबवण्यासाठी कागद आडवा करून देणे, फाटलेला कागद मागून चिकटवून देणे, मातीचा रंग हवा असून काळपट चिखल होत असेल तर तांबड्यात पिवळा कसा मिसळावा ते दाखवणे. चित्र तिचेच राहील अशी मदत. ‘हे काय काढलेस?’ हा प्रश्न मात्र टाळावा. कक्षात मुलीला दिवसभर प्रश्नच विचारले जात असतात.

साहित्याविषयी एवढेच सांगणे पुरे की कात्री बोथट असावी, टोकयंत्राचे पाते मुलांच्या हाती पडू नये आणि पेन्सिली तास सुरू होताना व संपताना मोजाव्यात. कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या मुलांना पुठ्ठ्याची खोकी रंगपेटीपेक्षा जवळची वाटतात. शेवटी याच शहरात नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि टाकाऊ माल यांतून रॉक गार्डन उभे केले, जे १९७६ साली लोकांना खुले झाले.

भारतीय रुग्णालयात आणखी एक गोष्ट वेगळी आहे, आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत तिची पुरेशी चर्चा सापडत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७च्या कलम ८७ नुसार अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. शिवाय नामनिर्देशित प्रतिनिधीने, अथवा त्याने नेमलेल्या परिचराने, संपूर्ण मुक्कामात मुलाजवळ राहावयाचे असते. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर स्त्री परिचर हवी. तरतूद मायेची आहे. परंतु रोजंदारीवर काम करणाऱ्या आईच्या दृष्टीने खाटेशेजारचा प्रत्येक दिवस बुडालेल्या मजुरीचा असतो. तीच आई चित्राच्या तासाला शेजारी बसते आणि मुलीने निळे पान काढले की ‘पान हिरवं असतं’ म्हणून सुधारते. तिला बाहेर बसवावे, तर मुलगी भेदरते. आत ठेवावे, तर मुलगी आईसाठी चित्र काढते. अशा वेळी आईपुढेही एक कोरा कागद ठेवणे हा मार्ग अनेकदा उपयोगी पडतो. हातात ब्रश आल्यावर सुधारणे थांबते. कदाचित पुष्कळ वर्षांनी त्या बाईला स्वतःसाठी बसावयास मिळते, हाही लाभ लहान नव्हे.

भाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो. इंडस्ट्रियल एरियातील पुष्कळ कुटुंबे पूर्वेकडून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली. डॉक्टर हिंदी-पंजाबीत बोलतात, नोंदी इंग्रजीत होतात. समजा, तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीने लाल छपराच्या घराखाली एक तपकिरी ठिपका काढला आणि त्यावर बोट ठेवून ‘मड़ई’ म्हटले. मड़ई म्हणजे गवताची झोपडी. वस्तीतली झुग्गी नव्हे, तर गावातली. केसपेपरवर ‘हाउस’ असे लिहिले की दोन्ही घरे एक झाली आणि मुलीने केलेला भेद पुसला गेला. म्हणून मुलाचा शब्द त्याच्या उच्चारासह, त्याच्याच भाषेत नोंदवावा; भाषांतर हवे तर बाजूला लिहावे. चित्र ही सर्वांना समजणारी भाषा आहे असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. चित्र काढणे सर्वांना येते. काढलेले समजण्यासाठी काढणाऱ्याच्या बोलीपर्यंत जावे लागते.

या कामाला कायद्याची ओळखही हवी. ब्रिटनमध्ये १९९७ पासून कलोपचारकांना शासकीय नोंदणी आहे आणि ही पदवी नोंदणीशिवाय लावता येत नाही. भारतात २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांविषयीच्या अधिनियमाच्या अनुसूचीत कला व नृत्य यांद्वारे उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आला, ही सुरुवात म्हणता येईल. ज्याच्या नोंदीवर मुलाचे भवितव्य काही अंशी अवलंबून आहे, त्याचे शिक्षण व उत्तरदायित्व ठरलेले असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

राहता राहिला प्रश्न चित्रांच्या मालकीचा. क्रेमर यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांनी तेरेझिनच्या नाझी छावणीत मुलांना चित्रकला शिकवली. त्या मुलांना चित्रावर स्वतःचे नाव लिहावयास लावीत. छावणीत माणसाला क्रमांक मिळत असताना हे विशेषच. १९४४ साली त्यांना आउशवित्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सूटकेसींत भरून ठेवली होती, म्हणून ती वाचली. त्यांतील बहुसंख्य मुले वाचली नाहीत. रुग्णालय म्हणजे छावणी नव्हे, ही तुलना त्यापुढे ताणू नये. पण घरी सोडण्याच्या दिवशी मुलीसमोर तिची फाइल उघडून कोणती चित्रे न्यायची, कोणती ठेवायची हे तिलाच ठरवू देण्याचा प्रघात याच विचारातून येतो. ज्या घराच्या पत्र्यातून पावसाळ्यात पाणी गळते, त्या घरी सर्वच चित्रे नेण्याची मुलांची इच्छा नसते. एखादे घडी करून आईच्या पिशवीत जाते. उरलेली, मुलीच्या अक्षरातील नावासह, कक्षाच्या कपाटात राहतात.