शाळेतला छळ आणि मुलांचं मन

इथे इंग्लंडमध्ये मुलांना शाळेत घालताना आपण निकाल बघतो, ऑफस्टेडचा अहवाल वाचतो, चांगल्या शाळेसाठी घरसुद्धा बदलतो. पण मधल्या सुट्टीत आपलं मूल कोणाबरोबर बसतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं?

आमच्या रविवारच्या मराठी वर्गातल्या एका ९ वर्षांच्या मुलीचा डबा रोज तसाच घरी यायला लागला. मग ती म्हणाली, "पोळी-भाजी नको, सँडविच दे." आईला वाटलं, नखरे. पुढे दर रविवारी रात्री पोट दुखू लागलं. जीपींना तपासणीत काही सापडलं नाही. दोन महिन्यांनी मराठी वर्गाहून घरी जाताना गाडीत सगळं बाहेर आलं. डबा उघडला की शेजारच्या मुली नाक दाबून उठून जायच्या, म्हणून ती सुट्टीभर टॉयलेटमध्ये जाऊन बसायची. आईनं विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू रडशील म्हणून."

चिडवाचिडवी कुठे नसते, असं आपण म्हणतो. आपल्यालाही शाळेत चिडवलं होतंच की! पण बुलिंग वेगळं. त्यात एकाच मुलाला मुद्दाम, पुन्हा पुन्हा लक्ष्य केलं जातं, आणि समोरचे ताकदीनं किंवा संख्येनं जास्त असल्यामुळे त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. मारहाण, नावाची किंवा रंगाची टिंगल, खेळात न घेणं, फोनवरचे मेसेज, सगळं त्यात आलं. असं मूल सतत धास्तावलेलं राहतं. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि हळूहळू त्याला वाटू लागतं की आपल्यातच काहीतरी वाईट आहे.

मार्च १९५८ मधल्या एकाच आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला गेला. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी त्यांतल्या ७,७७१ जणांची माहिती तपासून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ७ ते ११ या वयात २८ टक्के मुलांना अधूनमधून, तर १५ टक्के मुलांना वारंवार छळ सोसावा लागला होता. वारंवार छळ झालेल्यांमध्ये पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंतेचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळले. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, पण "मोठं झालं की विसरेल" यावर विसंबून राहता येत नाही.

आणखी एक गोष्ट. छळाची ही माहिती आईवडिलांना विचारून घेतली होती. म्हणजे ज्या मुलांनी घरी काही सांगितलंच नाही, ती बहुधा त्या आकड्यांत नाहीतच.

मग आपण काय करावं? मूल सांगू लागलं की मध्ये बोलू नये. "दुर्लक्ष कर" किंवा "तूही एक ठेवून दे" या दोन्ही सल्ल्यांनी ते आणखी एकटं पडतं. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं आधी म्हणावं. काय, कधी, कुठे झालं ते तारखेसह लिहून ठेवावं, मेसेज जपून ठेवावेत आणि वर्गशिक्षकांना भेटावं. संकोच नको. २००६ च्या शिक्षण कायद्यानुसार इंग्लंडमधल्या सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांनी बुलिंग रोखण्याचे उपाय ठरवणं बंधनकारक आहे. झोप-जेवण बिघडलं, किंवा मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोललं, तर लगेच जीपींकडे जावं. आणि आपलंच मूल दुसऱ्याला छळतंय असं कळलं, तर तेही तितक्याच गांभीर्यानं घ्यावं.

घरी बोलणं जमत नसेल तर १९८६ पासून चालू असलेली चाइल्डलाइन आहे : ०८०० ११११. फोन फुकट आहे आणि बिलावर दिसत नाही. हा नंबर मुलांना पाठ असू द्या.

या कार्यक्रमातून जमणारा निधी मुलांच्या समुपदेशनाच्या कामासाठी आहे. आपण सढळ हातानं द्याल याची खात्री आहे. त्याबरोबर एक छोटंसं काम घरीही करा. मुलं शाळेतून आली की विचारा, "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.