करवीरक्षेत्री बहिणाबाईंची परीक्षा

सज्जनहो, कीर्तन आटोपले की मंडळी बुक्का लावून घेण्यास पुढे येतात. त्यात कोणीतरी हटकून आम्हांस थांबवितो. "बुवा, सख्ख्या भावाने फसवून जमीन नेली. आमची वारी कधी चुकली नाही. मग देव तेव्हा काय करीत होता?"

ह्यावर ‘प्रारब्ध’ म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. प्रारब्ध शास्त्राला मान्य आहे. परंतु रडणाऱ्याच्या तोंडावर तो शब्द फेकण्यात काय पुरुषार्थ? त्यापेक्षा बहिणाबाईंकडे पाहावे. त्यांची खरी कसोटी आपल्या ह्याच कोल्हापुरात लागली, आणि ती त्यांनी स्वतःच्या अभंगांतून सांगून ठेविली आहे.

त्यांचा जन्म 1628 चा, वेरूळजवळच्या देवगावचा. अगदी बालपणी शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी लग्न झाले. वर वयाने पुष्कळ मोठे आणि बिजवर. पुढे भाऊबंदकी उठली. ज्यांच्या जिवावर घर उभे राहायचे तेच उलटले, आणि आईबाप, जावई, मुलगी अशा सगळ्यांना गाव सोडावे लागले. भिक्षा मागत पंढरपूर, रहिमतपूर करीत मंडळी कोल्हापुरास आली आणि बहिरंभटांच्या आश्रयास राहिली. बहिणाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या असतील.

येथे एक कपिला गाय आणि तिचे वासरू घरी आले. वासराला बाईंचा असा लळा, की कीर्तनालासुद्धा मागोमाग येई. जयरामस्वामी वडगावकरांचे कीर्तन चालू असता गर्दीमुळे वासरू बाहेर काढले; ते हंबरू लागले. स्वामींनी त्याला आत आणविले आणि बाईंच्या मस्तकी हात ठेविला. झाले! गावात बोभाटा झाला. पतिराज वेदशास्त्राचे अभिमानी. त्यांनी वेणी धरून बायकोला मारले, बांधून घातले. गाईवासरांनी वैरण सोडली. पुढे वासरू गेले. बाई कित्येक दिवस बेशुद्ध पडल्या, आणि त्याच अवस्थेत कार्तिक वद्य पंचमीस, रविवारी, तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला. तुकोबा देहूला, बाई कोल्हापुरात. तोवर भेट नव्हती, जयरामस्वामींच्या कीर्तनातून अभंग तेवढे कानी पडलेले.

आता नीट ध्यानी घ्या. देवाने मार चुकविला नाही, वासरूही वाचविले नाही. वेदान्ती म्हणतात, सूर्याच्या उजेडात एकजण पोथी वाचतो, दुसरा चोरी करतो. सत्ता सूर्याची, कर्म ज्याचे त्याचे. म्हणून ‘सर्व देवाच्या हाती’ म्हटल्याने फसविणाऱ्या भावाचे पाप पुसले जात नाही. परंतु सूर्याचा दृष्टान्त येथवरच चालतो बरे का. सूर्य कोणाच्या स्वप्नात येत नाही. पांडुरंग येतो. जिथे माहेर, सासर, गाव कोणी उरले नव्हते तिथे तो आला, एवढी साक्ष बाई देतात.

आणखी एक. बाईंनी सोसले, तेव्हा नवऱ्याचा मार हा देवाचा प्रसाद समजावा, असा अर्थ कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. अकरा वर्षांच्या पोरीला त्या काळी जायला जागा नव्हती. आजच्या लेकीने माहेरी सांगावे, चार माणसांत सांगावे, कोर्टात जावे. त्याने नामाला बाध येत नाही. जमिनीच्या दाव्यालाही हेच लागू. बाईंनीसुद्धा मार झाकून ठेविला नाही; स्पष्ट लिहिला. फक्त हिशेब चुकता करण्याचे काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले नाही.

तो हिशेब कसा झाला पाहा. गंगाधरपंत बायकोला गरोदर टाकून निघण्याच्या बेतात होते. तेवढ्यात तापाने अंथरुणाला खिळले. महिनाभर सेवा कोणी केली? ज्यांना टाकून जायचे ठरले होते त्यांनीच. पंतांचे मन पालटले आणि ज्या तुकोबांची ते निंदा करीत, त्यांच्या दर्शनाला सारे कुटुंब घेऊन देहूस निघाले. (आजार म्हणजे देवाचा सूड, असे मात्र म्हणू नये. ज्वर सज्जनांनाही येतो.)

देहूस तरी सुख लागले काय? तेथे मंबाजी आडवे आले. त्यांनी बाईंची गायच नेऊन बांधून मारली. त्यानंतरही बाईंचा संसार चालला, अभंग चालले. 1700 मध्ये देह ठेविला तेव्हा वय बहात्तर होते. आत्मचरित्राच्या त्या अभंगांत वेणी धरून मारणारे पंत आहेत, आणि देहूची वाट धरणारे पंतही आहेत. बाईंनी दोन्ही राहू दिले.