कादंबरीचा आराखडा : 'मग' आणि 'म्हणून'

कादंबरी लिहिण्यापूर्वी तिचा आराखडा करावा की करू नये, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ज्यांना आराखडा नको असतो ते म्हणतात, कादंबरी झाडासारखी वाढते, तिला साचा कशाला? त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण झाडालाही आळे करावे लागते. हा वाद मिटविण्याची माझी इच्छा नाही. संगणकावर आराखडा करण्याची जी साधने आज मिळतात ती हाती घेऊन कथानक कसे बांधता येते, आणि ही साधने आपल्याला कोठे चकवतात, एवढेच प्रस्तुत लेखात पाहायचे आहे. उदाहरणे मुद्दाम नांदेड-लातूरकडची घेतली आहेत. वर्गात रचनेविषयी बोलणे निघाले की बहुधा इंग्रजी कादंबऱ्या पुढे येतात, आणि आपल्या गावाविषयी काही लिहावे असे मनात असलेला विद्यार्थी गप्प बसतो.

साधन मुळात फार साधे आहे. वहीत आपण मुद्दे लिहितो, मुद्द्याखाली पोटमुद्दे लिहितो, इथेही तेच. फरक इतकाच, की पोटमुद्दे मिटवून ठेवता येतात आणि एखादा मुद्दा उचलून दुसरीकडे ठेवला की त्याच्या पोटातले सारे त्याच्याबरोबर जाते. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे हे पडद्यावर करून दाखविले. त्यासाठी त्याने घेतली होती ती बाजारहाटाची यादी! पुढे १९८३ साली 'थिंकटँक' नावाचे सॉफ्टवेअर आले आणि ही सोय घरगुती संगणकावर मिळू लागली. खास लेखकांसाठी केलेले 'स्क्रिव्हनर' २००७ सालचे. त्यात प्रत्येक प्रसंगाचे एक कार्ड होते आणि ती कार्डे फळ्यावर टाचल्यासारखी मांडता येतात. ते विकत घ्यावे लागते. विद्यार्थ्याने पैसे घालविण्याचे काही कारण नाही. 'वर्ड'मधील आउटलाइन व्ह्यू किंवा 'लिबरऑफिस रायटर'मधील नॅव्हिगेटर आपल्या कामाला पुरतो, आणि रायटर फुकट मिळते. प्रकरणाच्या नावाला पहिल्या पायरीचे हेडिंग द्यावे, प्रसंगाच्या नावाला दुसऱ्या पायरीचे. आराखडा आपोआप तयार होतो. टंकन मात्र युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याचा चिखल होतो, आणि 'विहीर' शोधायला जावे तर विहीर सापडत नाही.

या सोयीचे मोल कळायचे असेल तर हरि नारायण आपटे यांची आठवण करावी. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात हप्त्याहप्त्याने आली आणि १८९३ साली पुस्तकरूप झाली. छापून गेलेला हप्ता परत घेता येत नाही. विसाव्या हप्त्यात एखादे पात्र हवे झाले आणि तिसऱ्यात त्याची चाहूल दिलेली नसली, तर लेखकाने करावे काय? हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, यात नवल नाही. नवल हे, की इतक्या पुऱ्या झाल्या. आज आपल्याला तिसरे प्रकरण केव्हाही उघडता येते.

इथेच फसगत होते. यंत्राला दोनच गोष्टी कळतात : अमुक ओळ तमुक ओळीच्या वर आहे की खाली, आणि ती तिच्या पोटात आहे की बाहेर. एका घटनेमुळे दुसरी घडली, हे त्याला कळत नाही. विहीर आटली, बैल विकले, थोरला पुण्याला गेला, अशा तीन ओळी लिहिल्या की आराखडा भरल्यासारखा दिसतो. पण या तीन ओळींत 'मग' आहे, 'म्हणून' नाही. विहीर आटली म्हणून बैल विकले, की थोरल्याला पुण्याला जायचेच होते म्हणून त्याने बैल विकायला लावले आणि विहिरीचे निमित्त केले? दोन्हींतून दोन निराळ्या कादंबऱ्या निघतात. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कथा आणि संविधानक यांत केलेला भेद आपण बी.ए.ला पाठ करतो. पण तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत राहतो, आपल्या लिहिण्यात उतरत नाही. आजीच्या गोष्टीला 'मग काय झालं?' पुरते. कादंबरीच्या वाचकाला तेवढ्यावर थांबविता येत नाही.

मराठवाड्यात लिहू पाहणाऱ्याला तर हा धोका अधिकच आहे, कारण तारखा आपल्याला तयार मिळतात. १९४८ चा मुक्तिसंग्राम, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा भूकंप, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेले पाणी. या चार ओळी पहिल्या पायरीवर टाकल्या की चार भागांची कादंबरी झाली, असे वाटू लागते. अशी हस्तलिखिते मी वाचली आहेत. त्यांत माणसे एका संकटातून दुसऱ्या संकटात नेली जातात, जशी एस.टी. एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जाते. ज्या गावांनी हे सारे सोसले त्यांच्या वाट्याला निव्वळ जंत्री यावी, हे मला योग्य वाटत नाही.

आराखडा कसा असावा याचा उत्तम नमुना आपल्या नांदेडातच आहे, आणि योगायोग असा की तो छापला गेला ते सालही १९६८ च. रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' त्या वर्षी प्रसिद्ध झाली. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकविणारे नरहर कुरुंदकर यांचे प्रदीर्घ पत्र तिला प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. पुढे ते स्वतंत्र पुस्तकरूपानेही निघाले. शिवचरित्राची समीक्षा म्हणून ते वाचले जाते, ते ठीकच; परंतु कादंबरी लिहू इच्छिणाऱ्याने ते आराखडा म्हणून वाचावे. त्यात आधी जन्म, मग तोरणा, मग अफजलखान अशी चढती यादी नाही. कुरुंदकर प्रश्न मांडतात. थरारक प्रसंग सर्वांच्या ओळखीचे आहेत; पण त्या प्रसंगांतच या पुरुषाचे मोठेपण संपते काय? ते बाजूला ठेवले तर काय उरते? शिवाय कोणत्या साधनावर किती भार टाकायचा, हेही ते तोलून पाहतात. थोडक्यात, त्यांच्या आराखड्यातील प्रत्येक ओळीला एक 'का' चिकटलेला आहे. हेच कुरुंदकर पुढे 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा धांडोळा घेतात. १९८२ साली ते गेले. संगणकावरचा आराखडा त्यांनी पाहिला असता तर पहिला प्रश्न काय विचारला असता, याचा अंदाज बांधायला फार कष्ट पडत नाहीत.

त्या पत्रावरून मी जी रीत घेतली ती एका कल्पित कादंबरीवर चालवून दाखवितो. विषय १९९३ चा भूकंप. स्थळ किल्लारी परिसरातील एक गाव. पात्रे म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून. पहिली ओळ सहज सुचते : '३० सप्टेंबर १९९३, भूकंप.' ही ओळ निरुपयोगी आहे. तीत क्रियापद नाही आणि माणूसही नाही. आराखड्यातील प्रत्येक ओळ हे पूर्ण वाक्य असावे, आणि त्या वाक्याचा कर्ता माणूस असावा, हा नियम मी कसोशीने पाळतो. 'दुष्काळ', 'लग्न', 'संघर्ष' हे विषय आहेत, प्रसंग नव्हेत.

आता 'का' विचारू. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली, त्याला कोणा पात्राचे कारण नाही. भूकंपाला संविधानकात कारण देता येत नाही. मात्र त्या रात्री ही तीन माणसे आत का झोपली होती, याला कारण देता येते. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. घर माळवदाचे; दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकतात. म्हाताऱ्याने ती वर्षानुवर्षे टाकली. घर उन्हाळ्यात गार राहावे, पावसात गळू नये, गावात पडके म्हणून कोणी बोट दाखवू नये. ज्या काळजीने घर राखले त्याच काळजीने छताचे ओझे वाढत गेले. ही ओळ सापडली आणि कादंबरीचा कणा हाती आला, असे मला वाटते. ती भूकंपाखालचा पोटमुद्दा नव्हे. ती उचलून पहिल्या प्रकरणात न्यावी लागते, आणि पुन्हा दोन-तीनदा, जाता जाता, पेरावी लागते. वर्डमध्ये आल्ट आणि शिफ्ट दाबून वरचा बाण दाबला की ओळ वर सरकते. हरिभाऊंना न मिळालेली सोय ती हीच.

दुसरी ओळ याहून विलक्षण आहे, आणि ती इतिहासाने दिलेली आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारी परिसरात लहान लहान धक्के बसत होते. म्हणजे आपल्या कादंबरीतील माणसे भ्यालेली आहेत. ती काही रात्री अंगणात झोपली आहेत. आणि नंतर परत आत गेली आहेत. का गेली? थंडी पडली म्हणून? शेजारी हसले म्हणून? की सून तान्ह्या लेकराला घेऊन उघड्यावर किती दिवस झोपणार, असे म्हातारा म्हणाला म्हणून? या एका 'म्हणून'वर पुढचे सारे दुःख उभे आहे. म्हाताऱ्याने प्रेमाने आत बोलावले असेल तर १९९३ नंतर मुलगा त्याच्याशी कसा बोलेल? पुनर्वसनाच्या नव्या घरात दोघे समोरासमोर बसतील का? पाहा, तिसरा भाग आपोआप आला. त्यासाठी नवी तारीख शोधावी लागली नाही.

असे पंधरा-वीस प्रसंग झाले की यंत्राला एक काम सांगावे. प्रत्येक प्रसंगाला, तो कोणाच्या नजरेने दिसतो, त्याप्रमाणे रंग द्यावा. स्क्रिव्हनरमध्ये ही सोय आहे; वर्डमध्ये ओळीच्या शेवटी कंसात 'म्हा', 'मु', 'सू' लिहिले तरी चालते. वरील कल्पित कादंबरीत असे केले, तेव्हा वीस प्रसंगांत सून दोनच ठिकाणी आली, आणि दोन्ही वेळा ती पाणी आणून देत होती. वहीतल्या आराखड्यात हे सहसा नजरेत भरत नाही. पडद्यावर रंग दिसतो, किंवा दिसत नाही.

इथे लातूरकडे वळले पाहिजे. रा. रं. बोराडे हे लातूरजवळच्या काटगावचे. त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ ची. गावात शिवणकाम करणाऱ्या एका माणसाच्या घराची वाताहत ती सांगते, आणि सांगते ती त्याची बायको, आपल्या बोलीत. 'पाचोळा'चा आराखडा संगणकावर करून पाहावा. पाच-सहा ओळींत तो संपतो, आणि त्या ओळी वाचून या कादंबरीचा लौकिक का आहे हे मुळीच कळत नाही. जे आहे ते तिच्या बोलण्यात आहे : तिला काय दिसते, काय कळते, आणि काय कळत असून ती बोलत नाही. आराखडावाद्यांना हे उदाहरण अडचणीचे वाटेल. मला ते उपयोगी वाटते, कारण 'कोण सांगते' हा प्रश्न आराखड्याच्या आधी यायला हवा, हे त्यातून दिसते. सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारत नाही. ते पहिल्याच क्षणी रिकामी ओळ समोर ठेवते आणि आपण ती भरू लागतो.

समजा, आपली भूकंपाची कादंबरी सुनेने सांगायची ठरविली. मग आराखडा मुळापासून हलतो. ती या घरात आली १९९० साली. १९७२ चा दुष्काळ तिने या गावात पाहिलेला नाही. तेव्हा तो पहिले प्रकरण राहू शकत नाही. तो ऐकीव आहे. म्हणून तो पोटमुद्दा होऊन माळवदाच्या कामाखाली जातो : सासरे माती चढविताना बोलत आहेत, ती घमेले वर देत आहे, आणि दुष्काळात या घरातून कोण गेले, काय विकले, हे तिला तुकड्यातुकड्याने कळते आहे. १९९२ च्या धक्क्यांचा प्रसंग मात्र सर्वस्वी तिचा होतो, कारण लेकरू तिच्या कुशीत होते. मुलगा आणि म्हातारा यांच्यातला अबोला ती स्वयंपाकघरातून ऐकते. अबोला ऐकू येतो तो ताटवाटीच्या आवाजावरून. काही कार्डे गळूनच पडतात. धक्क्याची रिश्टर मापनातील तीव्रता, समितीचा अहवाल, मंत्र्यांचा दौरा, यांतले तिला काय माहीत असणार? आकडा कानावर येईल तो रेडिओवरून, किंवा येणारच नाही. ती कार्डे मी पुसलेली नाहीत. 'नंतर पाहू' या नावाच्या हेडिंगखाली ठेवून ते हेडिंग मिटवून टाकले आहे.