शब्द ओळखू या : बाकी आणि थकबाकी



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटाच्या बैठकीत मी कर्जाची वही वाचत होते. एका ताईंचं नाव आलं, मी वाचलं, "बाकी सात हजार." मागून कुणीतरी पटकन म्हणालं, "अगं बाई, सात हजार थकवले हिनं!" ताईंचा चेहराच उतरला. खरं तर त्यांनी एकही हप्ता चुकवला नव्हता. पण त्या पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो, चहा झाला, वही उघडून दाखवली, तेव्हा कुठे मन मोकळं झालं. चूक माझीही होती. मी नुसतं 'बाकी' वाचलं, ती कसली ते सांगितलं नाही.

बाकी म्हणजे उरलेलं. शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आला. आपल्या वहीतले जमा, वसूल, तारीख हे शब्दही त्याच वाटेचे. हप्ता तर फारसीत म्हणजे आठवडा, आणि आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी आठवड्याला हप्ताच म्हणतात. शाळेत भागाकार केला की खाली उरते ती बाकी. वजा करून उरते ती वजाबाकी. "निंदणी बाकी आहे", "पोरीचं एक वर्ष बाकी आहे", "बाकी काय म्हणता?" असं आपण दिवसभर बोलतो. त्यात दोष कुणाचाच नसतो. 'अर्धवट' म्हटलं की कुणीतरी काम टाकून दिल्यासारखं वाटतं. 'बाकी' म्हटलं की एवढंच कळतं, काम अजून व्हायचंय.

कर्जाचंही तसंच. समजा, तुम्ही गटाकडून १२,००० रुपये घेतले. महिन्याला १,००० मुद्दल, असे १२ हप्ते ठरले. पाच हप्त्यांच्या तारखा होऊन गेल्या आणि तुम्ही पाचही भरले. तर तुमची बाकी ७,००० आणि थकबाकी शून्य. या ७,००० ची वेळच अजून आलेली नाही, मग लाज कसली?

आता दुसरी ताई बघा. तेवढंच कर्ज, त्याच तारखा. पण घरात आजारपण निघालं आणि तिचे दोन हप्ते राहिले. तिने भरले ३,०००. तिची बाकी ९,०००, पण थकबाकी फक्त २,०००. हप्ता थकला की बाकीतला तेवढाच भाग थकबाकी होतो. तिला कुणी "नऊ हजार थकवले" म्हणालं तर तो तिच्यावर अन्याय. आणि नुसतं "बाकी नऊ हजार" लिहून सोडलं, तर राहिलेले दोन हप्ते कुणाच्या ध्यानातच येणार नाहीत. व्याज मात्र सगळ्या बाकीवर लागतं. महिना शेकडा १ दर असेल तर ९,००० वर ९० रुपये, ७,००० वर ७०.

बँकेत तर हा फरक फारच महत्त्वाचा. गटाचं मुदत कर्ज कितीही मोठं असलं, तरी हप्ते वेळेवर जात असतील तर खातं चांगलं. पण हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादक धरलं जातं, आणि मग पुढचं कर्ज अडतं. म्हणून बँकेत कुणी विचारलं, "थकबाकी किती?" तर घाबरून सगळी बाकी सांगू नका. आधी वही बघा.

आम्ही आता वहीत दोन वेगळे रकाने आखलेत. एक 'कर्ज बाकी', दुसरा 'थकबाकी'. थकबाकी नसेल तिथे जागा कोरी न सोडता शून्य लिहितो. शिवाय बैठकीत आधी थकबाकी वाचतो, मग बाकी. "थकबाकी शून्य" ऐकलं की ताईसुद्धा सावरून बसते.

याच घरातला आणखी एक शब्द, बेबाकी. म्हणजे काहीच उरलं नाही. कर्ज फिटलं की बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला मागून घ्या, तोंडी "झालं हो" यावर उठू नका. जमिनीवर कर्ज असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढलेला असतो. शेवटचा हप्ता भरला म्हणून तो आपोआप उतरला असेल असं धरून चालू नका. दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार मंजूर झाला का ते विचारा, आणि नवा सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचा. तिथे बँकेचं नाव अजून दिसत असेल, तर पैसे फिटलेत, पण काम बाकी आहे.