कारखान्यातील नवे डिजिटल कॅमेरे : स्वीकार संथ का?

पालघर जिल्ह्यात बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, कापड, पोलाद अशा अनेक प्रकारचे कारखाने येथे आहेत. अशा वसाहतींत फाटकावर व गोदामावर कॅमेरा असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मात्र लहान व मध्यम कारखान्यांत पुष्कळदा जुन्या पद्धतीचाच कॅमेरा चालू असतो. संगणकाच्या जाळ्याला जोडता येणारा पहिला कॅमेरा स्वीडनमधील अ‍ॅक्सिस या कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणला. इतक्या वर्षांनंतरही कारखानदार मागे का, हे पाहणे बागायतदारांच्याही उपयोगाचे आहे. चिकूचे पॅकिंग शेड, शीतगृह किंवा कोंबड्यांची शेड येथे कॅमेरा घेताना हेच प्रश्न उभे राहतात.

प्रथम दोन्हींतील फरक पाहू. जुन्या कॅमेऱ्याचे चित्र टीव्हीच्या जाड गोल केबलमधून रेकॉर्डरकडे, म्हणजे डीव्हीआरकडे जाते व तेथे साठते. त्या चित्रात सुमारे ४ लाख ठिपके असतात. नव्या ४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात ते ४० लाख असतात. जुन्या चित्रात टेम्पो फाटकाबाहेर गेला एवढे कळते, पण त्याचा क्रमांक बहुधा वाचता येत नाही. माल चोरीस गेल्यावर पोलिसांना नेमका तोच हवा असतो.

मग बदल का होत नाही? कॅमेऱ्याची किंमत हे कारण सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. खरा खर्च भिंतीत व जमिनीत गाडलेला असतो. पाटाने पाणी देणारा शेतकरी ठिबककडे वळतो तेव्हा केवळ नळ्या घेऊन भागत नाही. गाळणी, दाब, मुख्य वाहिनी सारेच बदलावे लागते. येथेही तसेच आहे. नव्या कॅमेऱ्याला संगणकाची तांब्याची केबल लागते आणि ती एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच चालते. १० मीटर अंतराने लावलेल्या चिकूच्या दहा ओळी म्हणजे १०० मीटर. जुनी केबल त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर सहज जात असे. त्यामुळे लांब कुंपण असलेल्या कारखान्यात मध्ये स्विच बसवावा लागतो, त्याला वीज व पेटी द्यावी लागते किंवा ऑप्टिकल फायबर टाकावी लागते. त्यातच २०१२ नंतर जुन्याच केबलमधून बरेच स्पष्ट चित्र नेणारे कॅमेरे बाजारात आले. कारखानदाराने केबल तशीच ठेवून कॅमेरा व रेकॉर्डर तेवढा बदलला. त्याचा हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

दुसरा खर्च साठवणुकीचा आहे. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट माहिती देत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा लागते. १६ कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे चित्र ठेवावयाचे झाल्यास ही जागा २० हजार गिगाबाइटच्या वर जाते. एच.२६५ या नव्या संकोचन पद्धतीने ती साधारण निम्मी होते. पण कॅमेरा व रेकॉर्डर दोन्ही ती पद्धत जाणणारे हवेत.

रसायनांच्या कारखान्यात आणखी अडचणी आहेत. समुद्राची खारी हवा व आम्लाची वाफ यांनी जोडण्या गंजतात. ज्वालाग्राही द्रावक असलेल्या जागी साधा कॅमेरा चालत नाही. ज्वालारोधक पेटीतील प्रमाणित कॅमेराच लागतो व तो कितीतरी महाग पडतो.

शिवाय हे सांभाळणार कोण? लहान कारखान्यात वायरमनच सर्व पाहतो. जुन्या कॅमेऱ्यात बिघाड बहुधा केबलचा किंवा वीजपुरवठ्याचा असे, तो त्याला सापडे. नव्यात पासवर्ड, पत्ता, सॉफ्टवेअर आले. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलल्याने काय होते, हे २०१६ मध्ये जगाने पाहिले : ‘मिराई’ नावाच्या विषाणूने असे कॅमेरे व रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेऊन इंटरनेट सेवांवर हल्ले केले. भारत सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांच्या सुरक्षेच्या अटी अधिसूचित केल्या व त्या एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. त्यानंतर ‘थोडे थांबून घेऊ’ म्हणणाऱ्यांना आणखी एक कारण मिळाले.

एका ठिकाणी मात्र थांबण्याची सोय नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना सांडपाणी व धूर यांची अखंड ऑनलाइन मोजणी करण्याचे निर्देश दिले. सांडपाणी बाहेर सोडणार नाही असे सांगणाऱ्या कारखान्यांना त्यासोबत कॅमेराही आला. हे चित्र बाहेरच्यांना दिसावे लागते, म्हणून तेथे जाळ्याला जोडलेलाच कॅमेरा लागतो. तारापूरचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जाते, तेव्हा तेथील मच्छीमारांना फाटकावरील कॅमेऱ्यापेक्षा हा कॅमेरा अधिक महत्त्वाचा आहे. अडचण केवळ तंत्राची नाही, हेही यावरून दिसते.

बागायतदाराची स्थिती या बाबतीत बरी आहे, कारण त्याच्याकडे जुनी केबल गाडलेली नाही. नवीन शेड बांधतानाच रिकामा पाइप टाकून ठेवावा. रेकॉर्डर शेडपासून १०० मीटरच्या आत, कोरड्या खोलीत ठेवावा आणि स्विच व रेकॉर्डर या दोहोंना बॅटरीचा आधार द्यावा. अंतर जास्त असल्यास फायबर घ्यावी. पावसाळ्यात विजेच्या कडकडाटाचा धोकाही तिला नसतो. विक्रेत्याकडून नव्या नियमानुसार प्रमाणपत्र मागावे व बसविल्याच दिवशी पासवर्ड स्वतः बदलावा.