तपासलेले रक्त कितपत सुरक्षित?

प्रश्न : रक्तपेढीतील तपासलेल्या रक्तातूनही संसर्ग होऊ शकतो का? नातेवाइकांचे रक्त अधिक सुरक्षित असते का?

उत्तर : भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीतील रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया या 5 संसर्गांसाठी तपासणी बंधनकारक असली, तरी धोका अत्यल्प होतो, शून्य होत नाही. याचे मुख्य कारण म्हणजे ‘विंडो पीरियड’, अर्थात विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसू लागेपर्यंतचा अवधी. या काळात दाता धडधाकट दिसतो, पण त्याचे रक्त संसर्ग पोहोचवू शकते. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत एचआयव्हीसाठी हा अवधी साधारण 3 आठवड्यांचा असतो, तर विषाणूचे जनुकीय द्रव्यच हुडकणारी ‘नॅट’ चाचणी तो सुमारे 10 दिवसांवर आणते. मात्र ती खर्चिक असल्याने सर्व रक्तपेढ्यांत होत नाही, आणि वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या दृष्टीने ही उणीव फार गंभीर आहे.

नातेवाइकांविषयीचा समज मात्र चुकीचा आहे. घाईने बोलावलेला आप्त घरच्यांच्या दडपणामुळे जोखमीचे वर्तन लपवू शकतो; शिवाय जवळच्या रक्तसंबंधीयाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात तग धरून त्याच्याच ऊतींवर हल्ला करण्याचा दुर्मीळ, पण बहुधा प्राणघातक धोका असतो, म्हणून असे रक्त देण्यापूर्वी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. कोणत्याही मोबदल्याविना नियमित रक्तदान करणारा, आणि दरवेळी तपासला जाणारा, ऐच्छिक दाताच सर्वांत भरवशाचा ठरतो.